गाणाऱ्याचा हेडफोन वेगळा, मिक्सिंगचा वेगळा, एसटीतला वेगळा

लातूरला आमच्या घराच्या वरच्या खोलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. एक लॅपटॉप, दोन माईकचा इंटरफेस (माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), खाली शहाबादी फरशी आणि ती फार घुमते म्हणून भिंतींना टांगलेल्या आईच्या जुन्या वाकळा. सुरुवातीच्या दिवसांत एक कीर्तनकार महाराज दोन अभंग रेकॉर्ड करायला आले. गळा असा की काळी चारला आरामात फिरणारा. माझ्याकडे तेव्हा एकच बरा हेडफोन होता, जाळीवाला, ओपन बॅक. तोच त्यांच्या कानावर चढवला आणि कानात टाळ-पखवाजाचा ट्रॅक सोडला. महाराज एका टेकमध्ये गाऊन गेले.

रात्री त्यांचा ट्रॅक एकटा वाजवला, तर गळ्याच्या मागे टाळ वाजतोय, छिन् छिन्. आलापाच्या शांत जागेत महाराजांपेक्षा टाळच पुढे. मला पखवाज बदलून लय जरा वाढवायची होती, पण जुना टाळ गायनाच्या ट्रॅकमध्ये असा चिकटून बसला होता की काही हलवताच येईना. सकाळी फोन केला.

"महाराज, परत यावं लागतंय."

"का हो, बेसूर झालं काय?"

"नाही महाराज. माझा हेडफोन गळायलाय."

हेडफोन मुळात चांगला होता. मी तो चुकीच्या कामाला जुंपला होता. तेव्हापासून कुणी विचारलं की "दादा, चांगला हेडफोन कोणता?" तर मी आधी उलट विचारतो, कशाला पाहिजे? गाणाऱ्याच्या कानावर घालायला, मिक्सिंगला, म्हणजे सगळे ट्रॅक तोलून एक गाणं करायला, की एसटीत बसून गाणी आणि लेक्चर ऐकायला? ही तीन कामं एकाच हेडफोनने तिन्ही चांगली होत नाहीत. दोन होतात, तडजोडीने. म्हणून कंपनीचं नाव आणि किंमत बघण्याआधी एका कागदावर लिहा: महिन्यातले किती तास कोणतं काम. ज्या कामाचे तास जास्त, हेडफोन त्याचा.

बंद की उघडा

क्लोज्ड बॅक म्हणजे ज्याच्या वाटीची मागची बाजू बंद असते. आतला आवाज बाहेर कमी जातो, बाहेरचा आत कमी येतो. माईकसमोर गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला, पॉडकास्टवाल्याला हाच. ओपन बॅकला मागे जाळी असते, आवाज दोन्हीकडून मोकळा. सेन्हायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ बाजारात आणला, तो असा पहिला उघडा हेडफोन. पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा. उघड्यात आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, वाद्यं जरा बाहेर, मोकळी वाटतात, आणि तासन्तास ऐकलं तरी कान शिणत नाही. मिक्सिंगला म्हणून तो लोकांना आवडतो. पण शेजारी बसलेल्याला तुमचं गाणं जवळपास पूर्ण ऐकू जातं, आणि बारीकसारीक आवाज टिपणाऱ्या कंडेन्सर माईकला तर नक्कीच. एकेजी के २४० स्टुडिओसारखे सेमी-ओपन या दोघांच्या मधले. मिक्सिंगला चालतात. रेकॉर्डिंगला मी वापरत नाही, कारण थोडी गळती तिथेही आहेच.

गळतीत सगळ्यात वाईट टाळ, घुंगरू आणि लय दाखवणाऱ्या मेट्रोनोमची क्लिक. बारीक, टोकदार आवाज फटीतून पटकन निसटतात आणि शांत जागी लगेच कळतात. क्लिक टाकायचीच तर टोकदार 'टिक' काढून मऊ ठोक्याचा आवाज निवडा आणि गाणाऱ्याच्या कानातला व्हॉल्यूम त्याला पुरेल एवढाच ठेवा. गाणारे एक कान उघडा ठेवून गातात, त्याशिवाय आपला सूर कळत नाही म्हणतात. हरकत नाही, पण मोकळी वाटी हवेत लटकू देऊ नका, कानामागे डोक्याला टेकवून ठेवा, नाहीतर बंद हेडफोन घेऊनही तोच टाळ परत माईकमध्ये. जमलं तर त्या बाजूचा आवाजच बंद करा.

बंद हेडफोनचा बेस गादी कानाभोवती किती नीट बसते त्यावर असतो. चष्म्याची काडी, दाट केस, टोपीची कड, काहीही मधे आलं की फट पडते आणि खालचा आवाज पळून जातो. माझ्याकडे फेटा बांधून आलेल्या एका शाहिरांना पखवाज "पोकळ" वाटत होता. फेटा दोन बोटं वर सरकवला आणि धुमा, पखवाजाची खर्जाची बाजू, परत भरला. तपासायची रीत सोपी: गाणं चालू ठेवून दोन्ही वाट्या हाताने हलक्या दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर हेडफोन तुमच्या डोक्यावर बसत नाहीये. दुसरा बघा.

डब्यावरचे आकडे

डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स असतो आणि निवडताना त्याचाच उपयोग सगळ्यात कमी. ऑडिओ-टेक्निका एम५०एक्सवर १५ ते २८,००० हर्ट्झ लिहिलेलं असतं. माणसाचा कान फार तर २० ते २०,००० ऐकतो, आणि वय वाढलं की वरचं आधी जातं. २० ते २०,००० तर चारशे रुपयांच्या हेडफोनवरही छापलेलं असतं. आवाज कुठे किती वरखाली होतो हे त्यात नसतं, आणि खरं तेच पाहिजे. त्यासाठी मोजमाप करणाऱ्यांनी काढलेले आलेख बघा. हजार हर्ट्झच्या खालची रेघ फार डोंगरदऱ्यांची नको. वरच्या भागात थोडे चढउतार सगळ्यांनाच असतात.

दुसरा आकडा ओहमचा, म्हणजे इम्पिडन्स, हेडफोन विजेला करतो तो अडथळा. इथे लोक घाबरतात, गणित मात्र सोपं आहे. एक मिलिवॉट ताकद द्यायला ३२ ओहमच्या हेडफोनला साधारण ०.१८ व्होल्ट लागतात, २५० ओहमच्याला ०.५ व्होल्ट. जवळपास तिप्पट. फोन आणि लॅपटॉपचा जॅक, किंवा फक्त यूएसबीवर चालणारा छोटा इंटरफेस, यांची व्होल्टेज द्यायची ऐपत मर्यादित. म्हणून २५०-३०० ओहमचा हेडफोन त्यांना लावला की नॉब शेवटपर्यंत फिरवूनही आवाज दबका. हेडफोन बिघडला असं वाटतं आणि माणूस तो परत पाठवतो. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० अशा तीन ओहममध्ये येतो. साध्या इंटरफेसवर चालवायचा असेल तर ८० घ्या, फोनवर ३२. सेन्हायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा. तो घ्यायचा तर वेगळ्या हेडफोन अॅम्पचे, म्हणजे हेडफोनला ताकद देणाऱ्या डबीचे, पैसे आधीच बाजूला काढा.

ओहम जास्त म्हणजे आवाज भारी, असं काही नाही. सोनी एमडीआर-७५०६ हा ६३ ओहमचा आणि १९९१ पासून स्टुडिओत तसाच चालू आहे.

सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो त्याचा, आकडा बघताना एवढंच सांभाळा की तो डीबी (डेसिबल) प्रति मिलिवॉट आहे की प्रति व्होल्ट. दोन्ही एका तागडीत टाकले तर तुलना फसते.

भजनी मंडळ आलं तर

चार जण एकत्र गाणार आणि इंटरफेसला हेडफोनचं भोक एकच. बाजारातला वाय-जोड लावून दोन हेडफोन चालतात, पण दोन्ही एकाच मॉडेलचे असतील तरच ठीक. वेगवेगळे असले की एकाचे कान फुटतात आणि दुसऱ्याला काही ऐकूच येत नाही. चौघांसाठी बेहरिंगर एचए४०० सारखा चार वाटांचा छोटा हेडफोन अॅम्प घ्या. प्रत्येकाला वेगळा नॉब मिळतो आणि "माझा वाढव, त्याचा कमी कर" ही कटकट मिटते. अशा वेळी चार भारी हेडफोन लागत नाहीत. ऑडिओ-टेक्निका एम२०एक्ससारखे साधे, बंद, सगळे एकाच जातीचे पुरेसे. हे हातातून पडतात, वायरवर पाय पडतो, घामाने भिजतात. महागाचा तिथे काढूच नये.

घामाचं इथे वेगळं सांगायला पाहिजे. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा बेचाळीसला टेकतो आणि रेकॉर्डिंग चालू असताना पंखा-कूलर बंद ठेवावा लागतो, कारण माईकला सगळं ऐकू येतं. वर पत्रे असतील तर विचारूच नका. रेक्झिनच्या गाद्या घामाने आधी चिकट होतात, मग त्यांचे काळे पापुद्रे गाणाऱ्याच्या गालावर. मखमली कापडाच्या गाद्या बऱ्या, फक्त त्यांनी बंद हेडफोनचा अडसर थोडा सैल होतो आणि आवाजही जरा बदलतो. मी गाणाऱ्यांच्या हेडफोनवर पातळ सुती टोप्या चढवतो. सत्र झालं की काढून धुवायच्या. हेडफोन घेतानाच बघा की सुट्या गाद्या बाजारात मिळतात का आणि वायर निघते का. एम४०एक्स आणि एम५०एक्सची वायर निघते, एम२०एक्सची निघत नाही. तुटली की सोल्डरिंगवाल्याकडे फेऱ्या.

मिक्सिंगचा हेडफोन

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक इथली. स्टुडिओ नवीन होता आणि मी गाणी ऐकायच्या हेडफोनवर, ज्यात बेस मुद्दाम फुगवलेला असतो त्यावर, एक हळदीचं गाणं मिक्स केलं. संबळ आणि हलगी. हेडफोनमध्ये संबळाचा खालचा घुमारा इतका दणदणीत की मी तो कापत गेलो, कापत गेलो. औसा तालुक्यातल्या एका लग्नात ते डीजेवर वाजलं. हलगी कडकड वाजत होती, आणि संबळ? तेलाचा रिकामा डबा कुणी काठीने बडवावा तसा. नवरदेवाचा मामा मला म्हणाला, "भाऊ, ह्याच्यात जीव नाही बगा."

हेडफोन जे वाढवून ऐकवतो ते तुम्ही कापता, जे दाबून ऐकवतो ते तुम्ही वाढवता. म्हणून मिक्सिंगला गोड हेडफोन नको, खरं बोलणारा हवा. एचडी ६०० गळा आणि हार्मोनियमच्या पट्ट्यात फार प्रामाणिक मानला जातो. अगदी खालचा बेस मात्र त्यात उतरता आहे. डीटी ९९० प्रोचा वरचा भाग चढा, त्यामुळे टाळ त्यात आहे त्यापेक्षा जास्त चमकतो. एमडीआर-७५०६ सुद्धा वरून उजळ, म्हणून 'स' आणि 'श' चा फुसकारा, ओठांची चुटचुट, कटची टिकटिक शोधायला तो उत्तम. त्यावर दिवसभर बसणं मात्र मला जमत नाही. प्रत्येकाला खोड आहे. खोड माहीत असली की काम होतं.

ती माहीत करून घ्यायची रीत अशी. तुम्ही मोठ्या स्पीकरवर, मांडवात, गाडीत शंभरदा ऐकलेली तीन-चार गाणी निवडा: एक नुसत्या गळ्याचं, एक ढोलकी किंवा पखवाजाचं, एक भरगच्च वाद्यांचं. नवा हेडफोन आला की आठ दिवस तीच ऐका, मिक्सला हात लावू नका. मग मिक्स करताना त्यातलंच एक गाणं बाजूच्या ट्रॅकवर ठेवा, त्याचा आवाज आपल्या मिक्सएवढा खाली आणा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी त्याच्याकडे जाऊन या. आवाज सारखा करणं विसरू नका. जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, मग तुलना कशाची?

हेडफोनवर आणखी एक फसगत ठरलेली. स्पीकरवर डावीकडचा आवाज थोडा उजव्या कानालाही जातो. हेडफोनमध्ये पूर्ण डावीकडे टाकलेला टाळ फक्त डाव्या कानात. तिथे रुंद, झकास वाटतं, आणि स्पीकरवर गेलं की सगळं मधे गोळा होतं. म्हणून मिक्सचं एक बटण कायम हाताशी ठेवा: मोनो, डावं-उजवं एकत्र करणारं. मोनोत गळा वाद्यांखाली बुडत असेल तर गाण्यातच गडबड आहे. आमच्याकडची निम्मी गाणी शेवटी फोनच्या एका स्पीकरवर किंवा देवळावरच्या भोंग्यावरच वाजणार असतात. आणि बेस हेडफोनमध्ये फक्त कानाला कळतो, छातीला कळत नाही, त्यामुळे शेवटचा निकाल गाडीत नाहीतर एखाद्या मित्राच्या डीजेवर. मी ट्रॅक्टरवरच्या टेपवर वाजवून बघतो. हसू नका, त्याने मला बऱ्याचदा वाचवलंय.

हेडफोनचा आवाज सपाट करून देणारी सॉफ्टवेअर आहेत. सोनारवर्क्सचं साउंडआयडी रेफरन्स विकत मिळतं, विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट. उपयोग होतो, पण गादी नीट बसत नसेल किंवा झिजली असेल तर दुरुस्तीच चुकीची होते. आधी गादी.

रोजचं ऐकणं

इथे ब्लूटूथ बिनधास्त घ्या. फक्त रेकॉर्डिंगला लावू नका. साध्या ब्लूटूथवर आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे गाणाऱ्याच्या कानात ठेका साधारण एक तृतीयांश मात्रा मागे. कितीही कसलेला गायक असो, लय सुटणारच. ज्या ब्लूटूथ हेडफोनला वायरही लावता येते तो वायरवर चालवला की ही अडचण राहत नाही. दुसरं, लॅपटॉपवर ऑनलाइन मीटिंगला ब्लूटूथ हेडफोनचाच माईक चालू केला की गाण्याचा आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा होतो. तोही बिघाड नाही, ब्लूटूथ तेव्हा बोलण्याच्या पद्धतीवर जातं. माईक वेगळा निवडा, आवाज परत येतो.

डब्यावर एलडॅक, ॲप्टएक्स (ब्लूटूथवरून गाणं पाठवायच्या पद्धती) लिहिलं म्हणून जास्त पैसे देण्याआधी तुमचा फोन ते बोलतो का बघा. आयफोन दोन्ही बोलत नाही, तो एएसीवर चालतो. नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज मारायची सोय, सतत चालणाऱ्या खालच्या घरघरीवर फार छान काम करतं: लालपरीचं इंजिन, कूलर. कंडक्टरच्या बोलण्यावर आणि हॉर्नवर फारसं नाही. लातूर-पुणे रात्रीचा प्रवास नेहमी असेल तर त्याचे पैसे वसूल.

लातुरात नीटच्या तयारीला आलेली पोरं खोलीवर पाच-सहा तास लेक्चर कानात घालून असतात. त्यांना बेस नकोच, बोलणं स्वच्छ पाहिजे आणि हेडफोन हलका. व्हॉल्यूमचं त्यांना आवर्जून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलला. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८३ ला २० तास, ८६ ला १०. म्हणजे आवाज थोडा वाढवला असं वाटतं तोवर आठवडाभराचा कोटा दोन दिवसांत संपतो. बाहेरचा गोंगाट रोखणारा, कानात नीट बसणारा हेडफोन घेतला की आवाज आपोआप खाली राहतो. कानात घालायच्या इअरफोनबरोबर तीन मापांची रबरं येतात. बहुतेक जण पहिली लागली तीच ठेवतात आणि मग बेस नाही म्हणतात. तिन्ही लावून बघा, दोन कानांना दोन वेगळी मापंही लागू शकतात.

घेताना

स्टुडिओचे हेडफोन आमच्या भागात कानाला लावून बघायला मिळणं दुर्मीळ. मी संभाजीनगरला किंवा पुण्याला गेलो की दुकानात जाऊन येतो, नाहीतर ओळखीच्या स्टुडिओत अर्धा तास मागून घेतो. फोनमध्ये स्वतःची गाणी न्या, दुकानदाराचं गाणं ऐकू नका. ते हेडफोन विकण्यासाठीच निवडलेलं असतं. किमान पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवा. पहिल्या मिनिटाला सगळेच मऊ वाटतात, पकड टाळूला आणि कानशिलाला कळते ती नंतर. एकट्या गळ्याचं गाणं लावा: गळा बरोबर मधे यायला हवा. एका बाजूला कलला तर हेडफोन उलटा घालून बघा. कल बाजू बदलून गेला तर दोष हेडफोनचा किंवा फोनचा, त्याच बाजूला राहिला तर कानाचा. ऑनलाइन घेतलात तर अधिकृत विक्रेता आणि परत करायची मुदत बघा. नावाजलेल्या मॉडेलच्या हुबेहूब नकला खूप आहेत आणि अर्ध्या किमतीत मिळतोय हीच त्यांची खूण.

पैसे एकाचेच असतील तर पहिला बंद घ्या. त्यावर रेकॉर्डिंग होतं, मिक्सिंग निभावतं, ऐकताही येतं. उघडा दुसऱ्या वर्षी.

एक शेवटचं, कारण यासाठी मी एक चांगला हेडफोन उगाच परत पाठवला होता. कानात बारीक 'घुं' सतत ऐकू आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. घुं गेली तर हेडफोनला दोष नाही, चार्जरला किंवा घराच्या अर्थिंगला आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात जमीन वाळून भेगाळते तेव्हा हे हमखास होतं. इलेक्ट्रिशियनने येऊन अर्थिंगचा खड्डा उकरला, कोळसा-मीठ भरलं आणि दोन घागरी पाणी ओतलं. आता मार्च लागला की आठवड्यातून एकदा त्यात पाणी टाकतो, आणि लाईनचा भरवसा नसेल त्या दिवशी गळ्याचे टेक लॅपटॉपच्या बॅटरीवर घेतो.